वकीलसाहेबांचा ठाम विरोध

मुलांना सायकलवर हेल्मेटची सक्ती करणारा कायदा नको, हे वकीलसाहेब सकाळपासून आरशाला पटवून देत होते. अकरा वाजता समितीपुढे त्यांचं आयुष्यातलं पहिलं मोठं भाषण होतं. "हेल्मेटनं डोकं उकडतं, मान अवघडते, मूल रडकुंडीला येतं!"

"तुम्ही कधी घालून पाहिलंय?" बायकोनं कपड्यांच्या घड्या घालता घालता विचारलं.

पुराव्याशिवाय बोलणं साहेबांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी लेकीचं पिवळं हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि बक्कल लावलं. सात वर्षांच्या पोरीचं हेल्मेट त्यांना अगदी मापाचं निघालं. साहेबांचं डोकं मुळात लहान, ही गोष्ट इतकी वर्षं घरातच राहिली होती. पण बसलेलं हेल्मेट निघेना. बायकोनं पट्टा ओढला, तेल लावलं, शेवटी कात्री आणली, तशी लेकीनं भोकाड पसरलं. "माझं आहे ते! कापायचं नाही!"

पावणेअकरा झाले. साहेब तसेच निघाले. हेल्मेट नाही तर सायकल नाही, हा आईचा नियम, आणि सायकल नाही तर शाळा नाही, म्हणून लेकही मागोमाग.

साहेब मंचावर उभे राहिले आणि सभागृह चिडीचूप झालं. अशी शांतता त्यांना कोर्टात कधी लाभली नव्हती. भाषणाला रंग चढला. "मूल आमचं, डोकं त्याचं, सरकारला काय पडलंय?" म्हणत ते ऐटीत एक पाऊल मागे सरले. मागे मंच संपला होता.

खालच्या लोखंडी खुर्चीच्या कडेवर डोकं असं आदळलं, की शेवटच्या रांगेतली माणसंही उभी राहिली. समितीच्या अध्यक्षबाईंनी डोळेच मिटून घेतले. आणि साहेब, खरं सांगतो, उठून बसले आणि वाक्य पुरं केलं, "...म्हणून या कायद्याची गरज नाही."

लेक धावत आली. तिनं दोन बोटांनी बक्कल दाबलं, ते टक्‌कन उघडलं. "ओढायचं नसतं बाबा, दाबायचं असतं. केव्हाची सांगतेय!"

हेल्मेट हातात आलं. मागून थेट कपाळापर्यंत भेग गेली होती, करंगळी आत जाईल एवढी. साहेबांनी डोकं चाचपलं. साधं टेंगूळही नव्हतं. सगळं सभागृह ती भेग बघायला गोळा झालं. साहेबांचा हात नकळत लेकीच्या डोक्यावर गेला आणि तिथंच राहिला.

"मग तुमचा विरोध नोंदवायचा ना?" अध्यक्षबाईंनी हळूच विचारलं.

"नोंदवा, खोडा, वाट्टेल ते करा," साहेब म्हणाले. "आधी हेल्मेटचं दुकान कुठंय ते सांगा. हिला उद्या सायकलवर शाळेत जायचंय."