शरणप्पा अण्णा आणि बारा नळ्यांचं मशीन

शरणप्पा अण्णा नळी हलवायला लागले की आमच्या प्रयोगशाळेत आलेले पाहुणे दोन पावलं मागं सरायचे. खांद्यापासून कमरेपर्यंत अख्खा माणूस हलायचा आणि तोंडानं कानडी आकडे चालायचे: ओंदु, एरडु, मूरु. साठ झाल्याशिवाय ते कुणाशी बोलत नसत. एकदा मोठे साहेब तपासणीला आले, तेव्हा अण्णा एकोणिसावर होते. साहेबांना साठपर्यंत उभं राहावं लागलं.

आमची प्रयोगशाळा हुमनाबादला. भाजीपाल्यात फवारणीचं औषध किती उरलंय, ते आम्ही शोधतो. त्यासाठी पाला वाटायचा, त्यात द्रावक आणि मीठ घालायचं आणि नळी मिनिटभर जोरात हलवायची. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी शिकलो ते साधारण एवढंच.

हे सगळं आपोआप करणारं मशीन मी हट्टानं मागवलं.

"कामून आणलाव साहेब?" अण्णा म्हणाले. "माझे हात मोडलेत का?"

मी त्यांना प्रगतीवर लांबलचक भाषण दिलं आणि बटण दाबलं. एका नळीचं झाकण मी नीट लावलं नव्हतं. मेथीचा हिरवा रस माझ्या चष्म्यावर, शर्टावर आणि मशीनच्या माहितीपुस्तिकेवर उडाला. अण्णांनी शांतपणे फडकं पुढं केलं.

"झाकण फिरवायला पदवी लागत न्हाई, साहेब."

दोन दिवसांनी मशीन सुरळीत झालं. एका वेळी बारा नळ्या हलायला लागल्या. अण्णांना काम उरलं नाही. मी विजयी मुद्रेनं त्यांच्या हातात चहा दिला, तर कप बशीवर खडखडायला लागला. थांबेचना.

"कधीपासून, अण्णा?"

"दोन साल झाले. नळी हलवायलो म्हणून कुणाला दिसलं न्हाई."

"घरी कुणी विचारलं नाही?"

"बायको गेली. आता इचारायला कोण हाय?"

पानातल्या कणभर औषधाचा माग काढणारा माणूस मी. शेजारच्या टेबलावरचा हात मला दोन वर्षं दिसला नव्हता.

सोमवारी त्यांना कलबुर्गीला डॉक्टरकडे नेलं. दवाखान्यातला फॉर्म त्यांनी माझ्याकडं सरकवला. सोबत आलेल्याचं नातं विचारलं होतं. मी 'सहकारी' लिहिलं. अण्णांनी वाकून वाचलं.

"भाऊ लिवा की," ते म्हणाले. "भावाला आत सोडतेत."

मी खोडून भाऊ लिहिलं.