चित्राबरहुकूम बाग

शहरातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक बागेला ‘आवर्जून भेट द्यावी असे ऐतिहासिक उद्यान’ हा दर्जा मिळावा, असा अर्ज उद्यान अधीक्षकांनी रीतसर केला. दर्जा मिळाला की त्यांची बढती पक्की होती. तोवर बागेत लोक नुसतेच येत. मधल्या थोरल्या झाडाखालच्या बाकांवर बसत, डुलक्या काढत, सुनांची उणीदुणी काढत. त्यांत अधीक्षकांचे वडीलही असत. बायको गेल्यापासून त्यांना घर खायला उठायचं; त्या सावलीच्या आधारावरच त्यांनी तग धरला होता. पण असल्या फुकट्या वापराला सरकारदरबारी ऐतिहासिक म्हणत नाहीत.

यथावकाश पाहणी समिती आली. कार्यालयातल्या भिंतीवर बागेच्या उद्घाटनाच्या दिवशी काढलेलं चित्र टांगलेलं होतं. अध्यक्षबाईंनी ते उतरवून घेतलं आणि हातात धरून त्या थेट थोरल्या झाडासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“हे झाड चित्रात नाही.”

“आहे ना मॅडम. हे बघा, गुडघ्याएवढं रोप. तेच हे.”

“म्हणजे मधल्या काळात ते वाढलं. कोणाच्या परवानगीने?”

अधीक्षकांनी मान खाली घातली. आजवरच्या एकाही अधिकाऱ्याने या वाढीची दखल घेतली नव्हती. बागेचं मूळ स्वरूप झाडांनी बिघडवलं आहे, असा निष्कर्ष समितीने काढला. ते पूर्ववत केल्यास दर्जाचा विचार होणार होता.

ते लगोलग पूर्ववत झालं. थोरल्या झाडासकट सगळी झाडं तोडून त्यांच्या जागी गुडघ्याएवढी रोपं लावली. चित्रात बाक नव्हते, म्हणून बाकही उचलले. नव्या रोपांनी मात्र जुन्यांचेच गुण उधळले, म्हणजे ती वाढायला लागली. मग माळ्यांना फूटपट्ट्या देऊन रोज शेंडे खुडण्याच्या कामाला जुंपलं. थोरलं झाड पडलं त्या दिवशी वडील जेवले नाहीत. अधीक्षकही जेवले नाहीत, पण त्यांना सवडच झाली नव्हती.

दुसऱ्या पाहणीत अध्यक्षबाई खूश झाल्या. फक्त चित्राच्या कोपऱ्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “हा काठी टेकून उभा असलेला म्हातारा कुठे आहे?”

“तो कधीच वारला असेल, मॅडम.”

“ती तुमची अंतर्गत अडचण आहे.”

नवीन भरती बंद होती. अधीक्षकांनी घरी जेवताना विषय काढला.

“बाबा, घरात नुसते कुढत बसता. बागेत या की परत.”

वडिलांचा चेहरा उजळला. “बाक लावले का रे पुन्हा?”

“बाक नाहीत. तुम्ही उभं राहायचं. चित्रात तो उभाच आहे.”

“उन्हात?”

“शेजारी रोप आहे ना.”

पोराच्या बढतीच्या आड बाप कसा येणार? वडिलांनी काठी शोधून ठेवली.

दर्जा जाहीर झाला त्या दिवशी बागेत मुंगीला शिरायला जागा नव्हती. ऊन मी म्हणत होतं. वडील आपल्या कोपऱ्यात उभे राहिले, भर दुपारी दोनदा डुलले आणि गुडघे मोडून मटकन खाली बसले. अध्यक्षबाईंच्या कपाळाला आठी पडली. अधीक्षक धावले. त्यांना बापाची दया आली नाही असं नाही. पण समिती अजून जायची होती.

“बाबा, उठा,” ते दबक्या आवाजात म्हणाले, “माणसं बघतायत.”

बघत होतीच. त्यांत तुम्हीही होतात. तुमच्या हातात पाण्याची बाटली होती, पण दुसऱ्या हातात फोन असल्यामुळे ती उघडता आली नाही. घरी गेल्यावर मात्र तुम्ही आठवणीने बागेला चार स्टार दिलेत आणि खाली लिहिलंत, ‘पार्किंग उत्तम. म्हातारा मध्येच खाली बसतो.’