काशीकाकूंचं आडवं जेवण

काशीकाकू आडव्या पडून जेवायच्या. आजारी नव्हत्या, चांगल्या धडधाकट होत्या. पण गिरणीचा भोंगा होऊन नवरा घरी आला की त्या दारातच घोंगड्यावर उताण्या व्हायच्या, हात अंगाशी घट्ट धरायच्या आणि म्हणायच्या, "घाला." मग तो गरीब माणूस बायकोच्या तोंडात चमच्यानं पेज घालायचा आणि येणारंजाणारं सोलापूर थांबून बघायचं.

चाळीत याचे अर्थ तयार होते. कुणी म्हणे नवस आहे, कुणी म्हणे माहेरच्या देवीचं काहीतरी. मी भिंतीपलीकडे राहणारा शाळामास्तर. माझ्या मते हा शुद्ध वेडेपणा होता. काकूंना जाऊन आता वर्ष होत आलं. मत मी तेव्हाच बदललं होतं, पण त्यांना ते सांगायचं राहून गेलं.

त्यांची लेक तानी तेव्हा तीन वर्षांची होती. मान धरत नव्हती, हातपाय ताठ, आणि घास घशाशी गेला की खोकून खोकून निळी पडायची. दिवसेंदिवस वाळत चालली होती. सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. शेजारणींचं म्हणणं, पोर चालत नाही, फिरत नाही, तिला भूक लागेलच कशाला? वैद्यांनी केळं, दही, डाळ बंद केली. चालू काय ठेवायचं ते सांगायला विसरले. डॉक्टरांनी विलायती दुधाचा डबा लिहून दिला. गल्लीच्या तोंडाशी तेव्हा विलायती कापडाची होळी चालली होती. आणि खोकला लागतो म्हटल्यावर सगळ्यांचं एकमत झालं, पेज अजून पातळ करा. ती इतकी पातळ झाली की वाटीचा तळ दिसायला लागला, आणि तानीच्या बरगड्याही.

मीही मागे राहिलो नाही. बालसंगोपनाचं पुस्तक घेऊन गेलो आणि सत्त्वयुक्त आहाराचं प्रकरण वाचून दाखवलं. त्यातल्या चित्रात एक गुटगुटीत मूल पाटावर बसून आपल्या हातानं जेवत होतं. काकूंनी ते बराच वेळ बघितलं.

"मास्तर, हे तुमी आडवं पडून गिळून बघितलंय का?"

हाच प्रश्न वैद्यांना विचारून झाला होता. डॉक्टरांना विचारला, तर त्यांनी पुढच्या रोग्याला आत बोलावलं. पुढेपुढे तर भाजीवालीसुद्धा त्यातून सुटली नाही.

काकू स्वतः मात्र गिळून बघत होत्या. तानीला जसं निजवून भरवत, तसंच निजून. आठवडाभर हे चाललं. मग एके दुपारी पेज त्यांच्या नाकातून आली, डोळे पांढरे झाले, आणि श्वास परत येताच त्या तशाच माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मास्तर, पातळच घुसतंय की वो श्वासाच्या वाटंत. पोरीचं काय बी चुकत न्हाय. आमीच तिला बुडवत हुतो."

त्या दिवसापासून तानी लोडाला टेकून बसायला लागली आणि तिला गूळ घातलेलं, हुलग्याच्या पिठाचं लापशीसारखं दाट माडगं मिळायला लागलं. जिला डाळ पचत नाही तिला हुलगे! पोरगी महिना काढत नाही, असं शेजारणींनी सांगून टाकलं. तानीला गाल आले. बघता बघता ती अकरा वर्षांची झाली.

गेल्या पौषात काकूंचं एक अंग लुळं पडलं. तोंड वाकडं झालं, वाचा गेली. चाळीतल्या बायकांनी मोठ्या मायेनं त्यांना उताणं निजवून चमच्यानं पाणी घातलं. ठसका लागला. कुणी म्हणालं कोमट करा, कुणी म्हणालं गाळून घ्या. मी उशाशी बसलो होतो. मलाही काही सुचलं नाही.

तानी एकेक शब्द ओढून बाहेर काढते. लोक तेवढे थांबत नाहीत. त्या दिवशी भिंतीला टेकून तिनं हवा तेवढा वेळ घेतला.

"आईला... बशिवा. पानी... नगं. माडगं."

आम्ही बसवलं. तानीसाठी केलेलं माडगं चुलीवर होतंच. त्यातले तीन चमचे काकूंनी ठसका न लागता गिळले. चौथ्याला तोंड घट्ट मिटलं. मी आग्रह केला, तेव्हा त्यांनी चालता हात माझ्या मनगटावर ठेवला आणि वाटी हलकेच तानीकडे वळवली.

तानी सकाळपासून जेवली नव्हती.