मेश्राम मॅडमचा अंधार

मेश्राम मॅडमच्या प्रयोगशाळेत भरदुपारी रात्र व्हायची. खिडक्यांवर काळं अस्तर, दाराच्या फटीत पोतं, आणि आत स्टुलांवर आम्ही विद्यार्थी, हाताची घडी घालून.

आम्ही फ्लेवोनॉइड, म्हणजे कांद्यासारख्या भाज्यांत आपोआप तयार होणारी रसायनं, स्वतः बनवायचो आणि ते अँटिऑक्सिडंट म्हणून कितपत कामाचे आहेत ते तपासायचो. जांभळ्या द्रावणात आपला नमुना मिसळायचा. कामाचा असेल तर जांभळा रंग उतरून पिवळा होतो. द्रावण उजेडात बिघडतं, म्हणून नळ्या अर्धा तास अंधारात ठेवायच्या. नळ्या. माणसं नव्हे.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या साहूनं एकदा विचारलंच. "मैडम, ट्यूबें अलमारी में रख देते हैं ना. हम लोग काहे बैठें?"

"तुम भी उजाले में बिगड़ते हो. बैठो."

विभागप्रमुख पाहुण्यांना घेऊन आले, तेव्हा अंधारात स्टुलाला अडखळले. "बैठिए सर, थोड़ा ही बचा है," अंधारातून मॅडमचा आवाज आला. पाहुण्यांसकट बसले.

आमचे नमुने दरवेळी तुलनेसाठी ठेवलेल्या व्हिटॅमिन सीकडून हरायचे. मॅडम नापास म्हणत नसत. "लाजून राहिली पोट्टी. उद्या पाहू." मग नळ्यांकडे वळून, "कांद्याले जमते, तुले काहून नाही जमत वं?"

त्या अर्ध्या तासात सगळे बोलत. साहू त्याच्या ठरत नसलेल्या लग्नाबद्दल, मॅडम भरताच्या वांग्याबद्दल. मी इंग्रजी शाळेतली. घरी आई मराठीत विचारायची आणि मी हिंदीत उत्तर द्यायचे. तिथं मात्र मराठी बोलायचे. चुकलं तरी कोणाचं तोंड दिसत नसे.

एका सोमवारी मॅडम म्हणाल्या, "काल सकाळी दूधवाल्यासंगं बोलली. मंग आज डायरेक्ट तुमच्यासंगं." कोणी हसलं नाही. साहूनं वांग्याचा भाव विचारला.

आमचं हिंदी राज्य नुकतंच वेगळं झालं होतं, कॉलेजात नवं सामान येत होतं. त्यात काळ्या दाराचं एक कपाट आलं. विभागप्रमुखांनी ते मुद्दाम मॅडमसाठी मागवलं होतं. "मैडम, आपकी तकलीफ खत्म," ते खुशीत म्हणाले.

"हव सर," मॅडम म्हणाल्या. "अच्छा किया."

पोतं निघालं, अस्तर निघालं. मॅडमनी नळ्या कपाटात ठेवल्या, दार लावलं. साहू आणि बाकीचे चहाला गेले. मी थांबले. मॅडमनी माझ्यासाठी स्टूल ओढलं.

ट्यूबलाइट लख्ख होता. त्यांच्या केसांची मुळं पांढरी आहेत, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. आईशी झालेलं भांडण सांगायचं होतं, पण त्या माझ्याकडे बघत होत्या आणि माझ्या तोंडून निघालं, "मॅडम, रीडिंग किती वाजता घ्यायचं?"

त्यांनी वेळ सांगितली. मग त्या कपाटाच्या दाराकडे पाहू लागल्या, मी माझ्या नखांकडे.

"जा वं तू पण," त्या म्हणाल्या. "चहा थंडा होऊन राहिला."

मी गेले. चहा नुकताच उकळायला ठेवला होता.