करंजगडला जाताना

पिंपरखेड जंक्शनच्या वेटिंग रूममधलं करंजगडचं जुनं पोस्टर चार वाजता उतरवणार होते, आणि गोदाक्काचा नवरा शिरपती अजून त्यातच होता.

सोमवारी गेला होता. निळा डोंगर, दगडी पूल, धूर सोडणारी छोटी गाडी, छत्रीवाल्या मडमा. काल शिरपती पुलाच्या अलीकडं होता. आज पलीकडच्या बाकावर बसला होता, करंगळीएवढा.

"परतीचे प्रवासी सकाळीच उतरवून घेतले," तिकिटांच्या टेबलामागून देवळेकर बाबू म्हणाले. "तुमचे यजमान एकेरीत आहेत."

"कुणी घातलं एकेरीत?"

बाबूंनी नोंदवही फिरवून दाखवली. "निघताना 'जातो' म्हणाले. 'येतो' म्हणणाऱ्यालाच आम्ही परतीचं धरतो."

गोदाक्काला सोमवार आठवला. भाकरी करपली होती, त्यावरून वाजलं होतं, आणि आधी तीच म्हणाली होती, जावा तर.

"रागात म्हणाले असतील. रागात माणूस पंचांग बघून बोलतो का?"

"रागाचा रकाना नाही, बाई."

"आणि गुंडाळल्यावर जीव घुसमटला म्हणजे?"

"करंजगडची हवा आरोग्यदायी आहे. खाली छापलंय."

दोन माणसं शिडी घेऊन आली. चाराला दहा कमी होते. गोदाक्कानं पदर खोचला. "मग मीच जा..." तिनं जीभ चावली. "येते. लिहा. ठसठशीत लिहा."

बाबूंनी लिहिलं. "त्यांचं मात्र त्यांनाच म्हणावं लागेल."

"म्हणतील. न म्हणून सांगतात कुणाला."

ती चौकटीवर पाय देऊन आत गेली. आत गारठा होता. मडमांना कोपरानं बाजूला सारत तिनं पूल ओलांडला.

"उठा. 'येतो' म्हणा."

शिरपती हलला नाही. "तू 'जावा' म्हणालीस. आधी 'या' म्हण."

"घरी गेल्यावर म्हणते."

"मग मी बरा आहे इथं. भाकरी करपत नाही."

त्याच्या डोक्यावर आभाळाची वरची कड सुटली आणि खाली वळायला लागली. डोंगराचा शेंडा त्यात गेला. वीस वर्षांच्या संसारात गोदाक्कानं आपला शब्द कधी मागं घेतला नव्हता.

"या," ती म्हणाली. दात खाऊन, पण म्हणाली.

"येतो," शिरपती ओरडला आणि चपला शोधायला लागला.

"राहू द्या चपला."

पुलावर पोचेपर्यंत आभाळ कठड्याला टेकलं होतं. समोर टेबलाशी देवळेकर बाबूंनी शिरपतीच्या नोंदीवरची शाई वाळवली.

"या," ते म्हणाले.

दोघं वाकून बाहेर निघाले.