दाजी आणि हुडहुडी भरलेली रेघ

"आपली नजर म्हणजे काय सांगू, बाई," दाजी दारातच चपला काढता काढता सुरू झाले, "भिंतीपलीकडचं दिसतं. फक्त मध्ये भिंत तेवढी नको."

शिंपीणबाईंनी सुताराकडे पाहिलं. सुतारानं छताकडे पाहिलं. दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. निवृत्त झाल्यापासून गुप्तहेर. आजवर एकच प्रकरण सुटलेलं, शेजाऱ्यांच्या हरवलेल्या मांजराचं. ते आपलं आपण परत आलं, पण येईल असं दाजी आधीच म्हणाले होते ना! असा माणूस मदतीला निघाला की नाही कसं म्हणायचं? बहिणीचं दार बंद व्हायचं.

लेझर लेव्हलही दाजींनीच निवडलेली. एवढीशी डबी, भिंतीवर उजेडाची सरळ रेघ मारते, त्या रेघेवर कपाटं टांगायची. दुकानदारानं एक लाल रेघेची दाखवली, एक हिरव्या. दाजींनी त्याच्या डोळ्यांत रोखून पाहत विचारलं, "यातली खोटं कोण बोलतंय?"

"साहेब, हिरवी भर उजेडातही दिसते," तो बिचारा म्हणाला.

"घाबरला," दाजी सुताराच्या कानात कुजबुजले. "हिरवीच घे."

आणि आता तीच हिरवी रेघ बाईंच्या स्वयंपाकघरात हुडहुडी भरल्यासारखी थरथरत होती. काल दोघांनी ती दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्यानं काउंटरवर ठेवून उघडली, फुंकर मारली, मिटली. रेघ कशी, ताणलेली दोरी! "हिला काही झालेलं नाही. घेऊन जा." आणली, टेबलावर ठेवली, दाजी शेजारी बसले, की परत तेच.

"माझी भांडी कालपासून पलंगावर झोपलीत," बाई म्हणाल्या. "आज कपाटं लागली नाहीत तर मी दुसरा सुतार बघते."

मालकाकडची नोकरी सोडून सुतारानं स्वतःच्या जिवावर घेतलेलं हे पहिलंच काम.

"शांत राहा," दाजी खुर्चीत रेलून म्हणाले. "मला विचार करू दे."

पहिला संशय फ्रिजवर. वायर काढली. फ्रिज गप्प झाला, रेघ नाचतच राहिली.

"मग वरच्या मजल्यावरचा. उड्या मारत असणार. जा, बघून ये."

सुतार धापा टाकत परत आला. "दाजी, वर कुलूप आहे."

"कुलूप लावून उड्या मारतोय? मुरलेला दिसतो." दाजी आणखी खोल विचारात गेले. रेघ आणखी जोरात थरथरली. "नाहीतर तो दुरुस्तीवाला! आतला धीट लेझर काढून त्यानं भित्रा बसवला. पण नाही... गुन्हेगार याच घरात आहे. अगदी जवळ जाणवतोय मला."

टेबलाच्या पलीकडे बाई सुईत दोरा ओवत होत्या. दोरा परत चुकला. त्यांनी सुई खाली ठेवली आणि वाकून टेबलाखाली पाहिलं.

"भाऊ, तुमचा पाय."

"पायाचं काय?"

"थांबवा तो."

दाजींचा गुडघा लटलट हलत होता आणि टाच टेबलाच्या पायावर टकटक आपटत होती. दाजींनी पाय थांबवला. रेघ थांबली.

बहीण दाजींना ताट टेबलावर न वाढता नेहमी हातातच का देते, ते सुताराला आज कळलं.

"बघ!" दाजी ओरडले. "याच घरात आहे म्हटलं होतं की नाही! आता हे मी नेमकं कसं ओळखलं, त्याचा विचार करायला हवा." रेघ परत थरथरली.

"उठा," बाई म्हणाल्या. "बाहेरच्या खोलीत माझी पायानं चालवायची मशीन आहे. पाय हलवायचाच तर उशीचे अभ्रे तरी शिवून होतील."

दिवस मावळायच्या आत कपाटं लागली. बाईंनी लांब उभं राहून पाहिलं, जवळ येऊन पाहिलं.

"माझ्या बहिणीकडे पण करायचीत," त्या म्हणाल्या. "येशील?"

"येतो की, ताई!"

"एकटा ये."

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून हाक आली. "अरे, इकडे ये लवकर! अभ्र्याची शिवण वाकडी येतेय. तो दुरुस्तीवाला इथेही येऊन गेलाय!"