बाबांचा खुबा आणि आठ ठोकळे

खण्ण! दुपारच्या सामसुमीत वॉकर फरशीवर आडवा झाला आणि ती हातातले कपडे टाकून बाबांच्या खोलीकडे धावली.

"सहा आठवड्यांत बाबांना पळायला लावते की नाही बघा!" अशी फुशारकी तिने बाबांचा खुबा बदलणाऱ्या डॉक्टरांपुढे मारली होती. डॉक्टर म्हणाले होते, "पळवू नका. वाकू देऊ नका, मांडी घालू देऊ नका आणि खाट जरा उंच करा. गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये."

बाबा जन्माचे सुतार. ऑपरेशनला भूल फक्त कमरेखाली, त्यामुळे पडद्यापलीकडचे हातोडीचे ठोके ऐकून डॉक्टरांनाच सांगत होते, "हळू हाणा साहेब, चीर जाईल!" घरी आल्यावर त्यांनी हुकूम सोडला, "खाटेच्या पायांखाली चार ठोकळे लाव." तिने आठ लावले. उंच चांगलं, तर आणखी उंच आणखी चांगलं!

"मचाणावर चढवतेस का गं?" बाबा कुरकुरले. पण सकाळी तिच्या नवऱ्याने त्यांना अलगद वर बसवलं आणि तो कामावर गेला.

आता बाबा खाटेच्या कडेला, पाय अधांतरी, वॉकर हातातून निसटलेला.

"बाबा, उडी मारू नका हं!"

"उडी कसली? मला लघवीला लागलीय!"

उडी मारली तर नवा खुबा निखळणार, नाही मारली तर नवी गादी भिजणार!

"आजोबांचे पाय पुरत नाहीत!" तिच्या चार वर्षांच्या लेकीने टाळ्या पिटल्या.

त्या लोंबत्या पावलांकडे ती बघतच राहिली. लहानपणी बाबांच्या कामाच्या टेबलावर ती अशीच बसायची. रंध्यातून निघालेल्या लाकडाच्या कुरळ्या सालींच्या बांगड्या हातात. हातोडीला हात लावला, की बाबा म्हणायचे, "ठेव ते, बोट ठेचशील," आणि काखेत हात घालून तिला खाली उतरवायचे.

"बघत काय बसलीस!" बाबा ओरडले. "माझी हातोडी आणि खिळे घे, कपाटामागची फळी आण, गॅलरीत दोन ठोकळे उरलेत. पायरी ठोक!"

"मी?"

"मग काय मी उतरून ठोकू?"

पहिला खिळा वाकला. दुसरा ठोका अंगठ्यावर.

"अंगठा जागेवर आहे ना?"

"आहे!"

"मग ठोक!"

शेवटी पायरी झाली. तिने वॉकर पुढे धरला. "आधी ऑपरेशनचा पाय, मग चांगला." बाबांनी फळी पावलाने दोनदा दाबून पाहिली. मग सारा भार त्या फळीवर टाकून ते उभे राहिले, आणि उतरले!

बाथरूमच्या दारात थांबून म्हणाले, "हलली नाही गं अजिबात. सुताराचा हात आहे तुला."

दार लागलं. ती सुजलेला अंगठा तोंडात धरून उभीच. लेकीने पायरीवर चढून पाय आपटून पाहिले.

"आई, तुला येतं, तर तू सुतार का नाही झालीस?"